सगळ्या वॉर्डचा श्वास वीस

सिस्टर, तुम्हाला आवडणार नाही असं काहीतरी आज करून आले आहे, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले. एम.एस्सी. नर्सिंगला माझा नंबर लागला. सदतिसाव्या वर्षी. कागदपत्रं तपासायच्या रांगेत माझ्यापुढे उभी असलेली पोरगी मला कॉलेजातली मॅडम समजून बाजूला झाली आणि म्हणाली, "मॅम, तुम्ही जा ना पुढे." मीही गेले पुढे, खोटं कशाला सांगू. आज स्पेशालिटी लिहून द्यायची होती. मेडिकल-सर्जिकल, बाळंतपण, लहान मुलं, मानसिक आरोग्य नाहीतर कम्युनिटी हेल्थ, यांतली एक. एकदा लिहून दिली की दोन वर्षं तीच शिकायची, आणि पुढचं सगळं कामही बहुतेक त्यातलंच. बारा वर्षांपूर्वी मी तुम्हाला शब्द दिला होता की मेडिकल-सर्जिकल घेईन. आज मी कम्युनिटी लिहून आले.

तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे, कारण तुमचं ते अनेकदा म्हणून झालं होतं. "कम्युनिटी म्हणजे नर्सिंगची सहल. खांद्याला पिशवी लावायची, चार घरं फिरायची, लिंबू सरबत प्यायचं आणि परत यायचं. पेशंट वॉर्डात असतो गं, नर्सने वॉर्डात असावं." आमच्या आयसीयूतली मैत्रीणही तेच म्हणाली, फक्त तिच्या भाषेत. "वेडी झालीयेस का तू? एवढी वर्षं व्हेंटिलेटर हॅण्डल केलेस, आणि आता वस्तीत वजनकाटा घेऊन फिरणार? अगं मेडिकल-सर्जिकलमधलं क्रिटिकल केअर घे, डोळे झाकून घे. फॉरेनला चान्स आहे." नवरा डोंबिवलीतच एमआयडीसीत कामाला आहे, सकाळच्या शिफ्टवरून येऊन जेवत होता. तो म्हणाला, "तुला पटतंय ना? मग झालं." आणि भात संपवता संपवता, "पण उन्हातून फिरावं लागेल ना गं?" त्याला एवढीच एक अडचण दिसली. तुम्ही असतात तर तुम्हाला मात्र सगळं नीट सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला मी बारा वर्षांत धजले नाही.

मी तुमच्या वॉर्डात पहिल्यांदा आले तो दिवस मला अजून दिसतो. मी मोहने गावची मुलगी, वडील तिथल्या कंपनीत, नातेवाइकांत पहिलीच नर्स होणारी म्हणून आईने विहारात पेढे वाटलेले. ठाण्याला हॉस्टेलवर राहून जी.एन.एम. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, अठ्ठावीस पेशंट, आणि सकाळी सात वाजता हातात टीपीआरचा ट्रे. ताप, नाडी, श्वास, तिन्ही मोजून प्रत्येकाच्या चार्टवर लिहायचं. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी बोटांना लागते. श्वास मात्र छातीकडे बघत मोजावा लागतो, आणि तोही पूर्ण एक मिनिट. अठ्ठावीस पेशंट म्हणजे अठ्ठावीस मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं, तेही अंथरुणं, इंजेक्शनं, डॉक्टरांचा राउंड सगळं अंगावर आलेलं असताना. सीनियर मुलींनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला शहाणं केलं होतं. "रेस्पिरेशन वीस टाकायचं. सगळ्यांचं वीस. कोण बघतंय?" मी वीस टाकत होते. अगदीच मन खाल्लं तर मध्ये कुठेतरी एखादा बावीस टाकत होते, खरं वाटावं म्हणून.

तुम्ही टेबलाशी बसून एकेक चार्ट उलटताय. पांढऱ्या साडीचा पदर खांद्यावर पिन केलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी समोर उभी आहे आणि तुम्ही अजिबात ओरडत नाही. शेवटचा चार्ट ठेवून तुम्ही म्हणता, "काय गं, सगळ्या वॉर्डचा श्वास वीस? कवायत करतायत का हे?" मागे कोणीतरी फिस्सकन हसतं. तुम्ही उठून मला अकरा नंबरच्या कॉटपाशी नेता. त्यावर एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसलेले असतात. त्यांच्याही चार्टवर मी वीस लिहिलेले असतात. "मोज," तुम्ही म्हणता. मी छातीकडे बघायला लागते तर तुम्ही माझा हात धरून त्यांच्या मनगटावर ठेवता आणि कानाशी हळूच सांगता, "मनगट सोडू नकोस. नाडी बघतेयस असंच त्यांना वाटू दे. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस लगेच शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो, आणि आकडा बदलतो."

मी मोजले. चौतीस भरले. तुम्ही डॉक्टरांना बोलावून घेतलंत, त्या गृहस्थांच्या पाठीशी उशा रचल्यात आणि ऑक्सिजन लावलात. दुपारी ते जरा शांत झाल्यावर मला बोलावून म्हणालात, "महिनाभर सगळ्या वॉर्डचं टीपीआर तूच करायचंस. एकटीने. प्रत्येकाचं पूर्ण मिनिट." मी चादरींच्या खोलीत जाऊन रडले आणि मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणाले ते आता लिहीत नाही. पण त्या महिन्यात मला माणसं कळायला लागली. कोण भीतीने भराभर श्वास घेतो, कोण घरची मंडळी आली की सावरतो, कोणाचा श्वास बोलता बोलता मध्येच तुटतो. मिनिटभर कोणाकडे नुसतं बघत राहायचं काम मला त्याआधी कोणी दिलं नव्हतं. तेव्हापासून मी तुमची झाले, हे तुम्हालाही कळलं असणार, कारण नंतर तुम्ही माझ्यावर जास्तच ओरडायला लागलात. पास झाले तेव्हा तुम्ही मला चार रंगांचं जाडं पेन दिलंत. त्याची रिफिल आता मिळत नाही. हे पत्र मी मुलीच्या जेल पेनने लिहिते आहे आणि ते जागोजागी फिसकटतंय.

तुम्ही रिटायर होऊन कोलशेतला धाकट्या बहिणीकडे राहायला गेलात, आणि दोनच वर्षांत तुमच्या फुफ्फुसांनी तुम्हाला गाठलं. डॉक्टरांनी आता आणखी करण्यासारखं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही बहिणीला बजावलं होतं की मला पुन्हा वॉर्डात न्यायचं नाही. मला त्याचं तेव्हा फार नवल वाटलं होतं. मी नुकतं पोस्ट बेसिक बी.एस्सी. संपवून डोंबिवलीत आयसीयूला लागले होते. ऑफच्या दिवशी तुमच्याकडे यायचे. त्या शेवटच्या खेपेला, दुपारची वेळ, तुम्ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मोड आलेले वाल सोलत होतात. बहिणीला बिरडं आवडतं म्हणून. गरम पाण्यातला एकेक वाल उचलायचा, दोन बोटांत दाबून साल काढायची, ताटलीत टाकायचा. चार वाल झाले की हात थांबत होते. बोलतानाही दोन शब्द झाले की थांबत होतात. बहीण बँकेतून जेवायला घरी आली होती, ती ओट्याशी आमटी गरम करत होती.

मी बसल्यावर तुम्ही ओला हात पदराला पुसलात आणि मनगट माझ्यापुढे केलंत. "नाडी बघ," म्हणालात, आणि हसलात. ती युक्ती तुमचीच, त्यामुळे मी कशाकडे बघणार हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. मी घड्याळ बघितलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. तुम्ही त्या मिनिटात खिडकीबाहेर बघत होतात आणि शहाण्यासारखा श्वास घ्यायचा प्रयत्नसुद्धा केला नाहीत.

"किती?"

"वीस," मी म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. ओट्याशी बहिणीचा आमटीतला डाव थांबला होता. "वीस म्हणजे नॉर्मल ना?" तिने विचारलं. मी हो म्हणाले. तुम्ही विचारलंत, "पूर्ण मिनिट मोजलंस?" मी म्हणाले, "हो सिस्टर, पूर्ण." तेवढं मात्र खरं होतं. "मग ठीक आहे," म्हणून तुम्ही पुन्हा वाल घेतलेत. थोड्या वेळाने, थांबत थांबत, म्हणालात, "एम.एस्सी. कर. मला नाही जमलं. मेडिकल-सर्जिकल घे. आणि टेबलामागे बसू नकोस." मी म्हटलं, घेईन. मग तिघी जेवलो. तुम्ही दोन घास खाल्लेत.

पाचव्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. सगळं उरकल्यावर आठवड्याने मी कोलशेतला गेले तेव्हा तिने मला चहा दिला आणि शेवटचे दिवस सांगितले. तुम्हाला गुंगी यायला लागली होती, बोलणं बंद झालं होतं, बसल्या बसल्या मान पडत होती. "आराम पडावा म्हणून मी पाठीमागच्या उशा काढल्या आणि तिला आडवी केली," ती म्हणाली. "घशातून आवाज यायचा. पण तू वीस म्हणाली होतीस ना, म्हणून मला वाटलं, श्वासाचं काही नसेल, अशक्तपणा असेल." तिने हे मला टोचावं म्हणून म्हटलं नाही. उलट ती माझे आभारच मानत होती. मी चहा संपवला आणि कप विसळून ठेवला. तशा फुफ्फुसांच्या माणसाला आडवं करायचं नसतं, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं. तुमच्या घरात ते फक्त मला आणि तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही बोलू शकत नव्हतात.

मी वीस का म्हणाले, याचा मी फार विचार केला आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नव्हतं, सिस्टर. तुम्हाला माझ्या आकड्याची काय गरज, श्वास तुमचा होता. खरं असं की, वॉर्डात एखाद्याचा श्वास तसा भरला तर पुढे काय करायचं ते माझ्या हातांना ठाऊक होतं. डॉक्टरांना हाक मारायची, मास्क लावायचा, मॉनिटर ओढून आणायचा. तुमच्या स्वयंपाकघरात टेबल होतं, वाल होते, आमटी उकळत होती, आणि पुढे काय ते मला कोणी शिकवलं नव्हतं. खरा आकडा बोलले असते तर त्यापाठोपाठ काहीतरी करावं लागलं असतं. माझ्यापाशी काही नव्हतं, म्हणून वीस. तुम्ही वाचला नसतात, हे मला कळतं. पण टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकवून बसवा, खिडकी उघडा, पंखा तोंडावर येऊ द्या, काही झालं तरी आडवं करू नका, एवढं बहिणीला सांगायला पाच मिनिटं लागली असती. ते पाच दिवस तुम्हाला जरा सोपे गेले असते. याची मला लाज वाटते, आजही वाटते.

मध्ये लग्न झालं, मुलगी झाली, सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला होत्या. त्यांचं सगळं मी केलं आणि ते करताना घरातलं नर्सिंग चाचपडत शिकले. कोणती उशी कुठे, कोणाला काय सांगायचं, किती वेळा सांगायचं. आयसीयूतून डिस्चार्ज झालेल्या पेशंटच्या बायकांना मी दारापर्यंत जाऊन सांगत बसते आणि इन्चार्ज मला हाका मारत राहते. आता ते नीट शिकायचं आहे. आज विभागप्रमुख मॅडमनी विचारलं, एवढ्या वर्षांच्या आयसीयूनंतर कम्युनिटी का. मी म्हणाले, समाजासाठी काहीतरी करायची आवड आहे. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. तेही वीस टाकण्यासारखंच झालं, पण वीस माणसांच्या रांगेत उभं राहून तुमचं स्वयंपाकघर कसं सांगणार?

तुम्ही रागावला असाल तर रागवा. टेबलामागे बसणार नाही, तेवढं तुमचं ऐकलं आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. कोलशेतच्या त्या घरात आता दुसरी माणसं राहतात, बहीण गावी गेली. जी.एन.एम.ची जुनी फाईल कपाटात आहे, तिच्यात घालून ठेवीन. ठेवण्याआधी तुमच्या चार्टवर राहिलेली एक नोंद करते. दुपारी, जेवणाआधी, मनगट धरून, पूर्ण एक मिनिट मोजून. श्वास छत्तीस.