निम्मा डबा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार

तीर्थरूप दानम्माअक्काच्या पायाशी धाकट्या शिवलीलेचं शरणु शरणार्थी.

गुडघा कसा आहे? मलकापुरात गारठा असेल, तेल चोळत जा. (घाण्यावरचं घे, दुकानातलं महाग पडतं.) फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि ओरडावं तर सगळ्या पेठेला कळतं, म्हणून लिहिते.

अक्का, आमच्या शांभवीचं ठरलेलं लग्न मोडायला आलंय, आणि त्याला कारण एक इंग्रजी शब्द. ह्यांनी दूध संघात जन्मभर कॅन मोजले. आता रिटायर झाल्यावर रद्दीवाल्याकडून उशीएवढी डिक्शनरी आणली. तीत 'अलेज' सापडला. भरलेल्या पिंपात वर जी मोकळी जागा राहते, तिचं म्हणे हे नाव. (मी मॅट्रिक. आमच्या वेळी मोकळ्या जागेला नाव नव्हतं, दिसली की भरायची.) फ्रान्सात पिंपाच्या तोंडाला डोळा म्हणत आणि दारू डोळ्यापर्यंत भरत, त्यावरून शब्द आला. मग जकातवाले काठी घालून तूट मोजू लागले. पुढं आरमारातले खलाशी बिनकामाच्या गड्यालाच अलेज म्हणू लागले, आणि आता तो रॉकेटच्या टाकीतही आहे. हे पूजेला बसले तरी विभूती कपाळाला आणि डोळे तांब्यात!

पन्हाळ्याहून मुलाकडच्यांचा लाडवांचा डबा आला होता. आपल्यात डबा रिकामा परत जात नाही, म्हणून मी शेंगांच्या पोळ्या काठोकाठ रचून ह्यांच्या हाती धाडला. तिथं व्याह्यांनी सहज विचारलं, "काय पावणं, आता येळ कसा जातोय?" झालं! ह्यांनी निम्म्या पोळ्या पेपरवर काढल्या आणि डब्यात बोट फिरवून शब्द समजावला. खलाशांचा अर्थ सांगताना बोट नेमकं मुलाच्या मामाकडं, बाळासोंकडं गेलं, जे कित्येक दिवस घरी बसून आहेत. उठताना डबा निम्माच दिला आणि पेपरातल्या पोळ्या घरी घेऊन आले! म्हणाले, "शिल्लक राहिल्या गं."

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. "डबा निम्मा आलाय, म्हंजे तुमचं मन बी निम्मंच हाय की! तसं असंल तर सांगा, आमी दुसरीकडं बघतो."

मी देवघरात बसून रडले. हे जवळ येऊन बसले, आणि मग हळूच समईत डोकावले.

तुझी,
शिवलीला

ता.क. : खरं काम असं, की तू पोळ्यांचा गच्च भरलेला डबा घेऊन पन्हाळ्याला जा. माझ्या थोरल्या बहिणीचा शब्द विहीणबाई मोडणार नाहीत. (दाणे-गुळाचे पैसे भेटल्यावर देते.) हे बरोबर येतो म्हणतील. नेऊ नकोस.

आणखी ता.क. : पाकीट चिकटवताना शांभवी सांगते, नवऱ्यामुलाचा, विश्वजितचा, तिला फोन आला. म्हणतो, "रॉकेटचं सांगायचं राहिलं, बाबांना परत पाठव की." त्यानं म्हणे आमच्या निम्म्या डब्यात पट्टी घालूनही बघितली. आणि ही कार्टी लाजतेय! तेव्हा आता लग्न मोडायचं नाही, आणि माझी सुटकाही नाही. अक्का, डबा भरताना वर बोटभरही जागा ठेवू नकोस. सासरा-जावई एका पंगतीला बसले, तर माझ्या हातचं भरलेलं ताट ह्या घरात कुणाला दिसायचं नाही.