ठमीचा पिवळा स्वेटर

१० जून

चि. सौ. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोबत लोकरीचे चार गुंडे पाठवते आहे. रंग पिवळा, मऊ, बाळाला टोचणार नाही असा. सहावा महिना सरत आला तरी तुझ्या सुया अजून पिशवीतच असतील, हे मी इथे बसून सांगू शकते. तुझे टाके जन्मजात ढगळ, त्यातून बाळाचं बोट आरपार जायचं, तेव्हा सुई एक नंबर लहान घे. आई असती तर तिने हे तुला दहादा सांगितलं असतं. ती नाही म्हणून मी एकदाच सांगते.

इकडे कारखान्यात जुन्या स्वेटरांचा ढीग पडला आहे. उसवा, लडी करा, धुवा, वाफ द्या, की लोकर पुन्हा नव्यासारखी. मालकीणबाईंनी नव्या मुलींना शिकवायला मला बसवलं आहे. धागा ओढायचा नसतो, तो आपणहून येऊ द्यायचा असतो, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरत नाही. ओढतात, तुटतो, आणि मग माझ्याकडे बघतात.

नवव्या महिन्यासाठी माझी रजा मंजूर झाली आहे. मी येईपर्यंत जिन्याची चढउतार नको. तुझ्या अहोंना म्हणावं, छापखान्यातली मुद्रितं तपासून झाली की घरातही जरा लक्ष घाला. तुझ्यावर माझी माया आहेच, पण उत्तर लवकर हवं.

तुझी,
ताई


२६ जून

ताईस,
नमस्कार. वि. वि. हाताच्या सवयीने लिहिलं. विनंती काही नाही.

तुझी लोकर मिळाली. पाठ विणून झाली, पुढचा एक भाग अर्धा झाला, आणि तिसऱ्या गुंड्यात धाग्याचा रंग बदलला. तुला तो फरक दिसला नसेल, कुणालाच दिसला नसता. पण बारा वर्षं मी गिरणीत कापडाचे रंग जुळवते आहे. दोन ताग्यांतला एवढासा फरक ओळखायचाच मला पगार मिळतो. रंग बदलला तिथे गाठ होती. लांब शेपूट सोडलेली गाठ, जिच्यावरून तू लहानपणापासून मला बोलत आलीस.

ठमीचा स्वेटर विणताना माझी लोकर कमी पडली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात दुसऱ्या लॉटचा गुंडा मिळाला, किंचित गडद. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. गाठ बघितली तशी उठले आणि कपाटातलं खोकं उघडलं. आत स्वेटर नव्हता, घडी घातलेला टॉवेल होता. वजन सारखं लागावं म्हणून ठेवलास का? एप्रिलमध्ये तू आठ दिवस राहून गेलीस, त्यानंतर मी ते खोकं हातात घेतलं होतं, उघडलं नव्हतं. तू मला किती चांगली ओळखतेस.

ठमी एकोणीस दिवस होती. तो स्वेटर तिने पाच वेळा घातला. दोन वर्षांत मी तो एकदाही धुतला नाही. का धुतला नाही हे तुला समजावून सांगावं लागत असेल, तर कठीण आहे. तू तो उसवलास, साबणाच्या गरम पाण्यात घातलास, वाफ देऊन त्यातली प्रत्येक वळी काढलीस, आणि माझ्याच हातून, मला न सांगता, तो दुसऱ्या बाळासाठी विणून घ्यायला निघालीस. दहा-बारा दिवस मी ती लोकर गालाला लावून बघत होते आणि मनातल्या मनात तुला दुवा देत होते. त्याची मला आता किळस येते.

नवव्या महिन्यात येऊ नकोस. रजा मंजूर झाली असेल तर रद्द कर. लोभ असावा असं या वेळी लिहवत नाही.

धाकटी


३ जुलै

चि. सौ. धाकटीस,
आशीर्वाद. तुला नको असले तरी देते, कारण मी मोठी आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं असतं तर फाडलं असतं. हो, उसवला. न विचारता उसवला. पण एप्रिलमध्ये मी काय पाहिलं तेही ऐक. पोटात चौथा महिना, आणि तू रोज दुपारी ते खोकं मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसलेली. जेवायला हाक मारली तर ओ नाही. तुझ्या अहोंनी मला स्वयंपाकघरात बोलावून अक्षरशः हात जोडले. म्हणाले, ही वस्तू घरात आहे तोवर हिला येणाऱ्या बाळाचा आनंद व्हायचा नाही, तुम्ही ती घेऊन जा, पुढे काय करायचं ते करा. मी काय करणार होते? माझ्या हातांना एकच काम येतं. फेकवला नसता, म्हणून उसवला. वाटलं, निदान बाळाच्या अंगाला लागेल. यात माझं काळीज काळं कुठे दिसलं तुला?

आणि जसं काही तू एकटीनेच गमावलं. शेवटच्या दिवशी तू तापाने फणफणून दुसऱ्या वॉर्डात होतीस. त्या सकाळी ती माझ्या मांडीवर होती. मला कुणी विचारलं, बाई गं, तुझं काय झालं? पाचव्या दिवशी मी कामावर हजर झाले आणि लोकांचे स्वेटर उसवत बसले. दोन वर्षं तेच करते आहे.

हवं तेवढं रागव, शिव्या दे. पण येऊ नकोस म्हणू नकोस. आपल्याला एकमेकींशिवाय आहे कोण?

तुझी,
ताई


१२ जुलै

ताईस,
नमस्कार.

यांना विचारलं. आधी म्हणाले, ताईंनी आपल्या मनानेच नेला. मग तुझं पत्र पुढ्यात ठेवलं, तेव्हा चष्मा काढून पुसत बसले. छापखान्यात चूक दिसली की खोडायची, हाच यांचा धंदा. घरात तेच केलं. एवढ्यावर भागलेलं नाही. काल दवाखान्यात माझा कागद बघितला तर त्यावर यांच्या अक्षरात पहिलं बाळंतपण असं लिहिलेलं. मी तो खिडकीवर परत दिला, पहिलं खोडायला लावून दुसरं लिहून घेतलं आणि शेजारी सही केली. कारकून म्हणाला, काय एवढा फरक पडतो. त्याला मी जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. रांगेतल्या बायका दोन पावलं मागे सरकल्या.

तुम्ही सगळे मागच्या वेळी, मागच्या वेळी करता. मागच्या वेळी काय पाहुणे आले होते? तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात ठमी हा शब्द एकदाही नाही. ‘ती’ आहे, ‘ही वस्तू’ आहे. दोन अक्षरं लिहायला तुझा हात एवढा जड झाला?

तू भोगलंस, हे मला मान्य आहे. म्हणून माझं उसवायचा हक्क तुला मिळत नाही.

विणलेला भाग आणि उरलेली लोकर या पार्सलात परत करते आहे. तू उसवलास, तूच विण. जसा होता तसा. माप मला विचारू नकोस.

धाकटी


९ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. ठमीलाही.

तू सांगितलंस तशी विणायला बसले. पाठ झाली, पुढचे भाग झाले, आणि बाहीशी येऊन अडले. माप आठवेना. कुठलाही कपडा उसवायच्या आधी त्याचं माप कागदावर टिपून ठेवायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम, नव्या मुलींना मीच तो घोकायला लावते. वीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता. ठमीच्या स्वेटरचं माप मी टिपलं नाही. डबा खायच्या सुट्टीत, वीस मिनिटांत, न बघता उसवून टाकला. शेजारच्या बाईने विचारलं, एवढासा कुणाचा गं. मी म्हटलं, कुणाचा नाही.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण हे उत्तर मी स्वतः दिलं, तेही कुणी जबरदस्ती न करता, आणि त्याची मला इतकी लाज वाटते की तुझ्या रागाची गरजच उरली नाही. काल जेवायला सगळ्या जमल्या तेव्हा सांगितलं, तो माझ्या भाचीचा होता, तिला आम्ही ठमी म्हणायचो, एकोणीस दिवसांची होऊन गेली. मग त्या बाईने विचारलं, गोरी होती का सावळी. मला रडू फुटलं. दोन वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

बाही शेवटी माझ्या अंगठ्यावर मापली. ठमीने तो मुठीत धरला होता, तेव्हा तिचं मनगट कुठवर आलं होतं ते हाताला ठाऊक होतं. स्वेटर पाठवते आहे. हा तो नाही, हे मला कळतं. तो परत आणता येत नाही, हेही. रजा रद्द केलेली नाही. पण तू बोलावल्याशिवाय गाडीत पाऊल ठेवणार नाही. क्षमा मागते, तुला जमेल तेव्हा दे.

तुझी,
ताई


२१ सप्टेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल सकाळी मुलगा झाला. वजन पावणेतीन किलो, आवाज गिरणीच्या भोंग्याचा. नर्सबाईंनी कितवं असं विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत यांनीच दुसरं म्हणून सांगितलं. बरं वाटलं. तेवढ्याने ते सुटलेले नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे.

तुझा स्वेटर मिळाला. एक टाका इकडचा तिकडे नाही, आणि तिथेच तो चुकला. माझा डाव्या खांद्याला ओढलेला होता. वासही नुसता लोकरीचा आहे. बाळाला मी तो घातलेला नाही, घालणारही नाही, तो त्याच्या बहिणीचा आहे. त्याला दुकानातून विकतचा पांढरा आणला आहे, शिवण जाडीभरडी, पण त्यात तो खुशाल झोपला आहे. बाही मात्र बरोबर आली आहे. मी कितीतरी वेळ ती बोटाला घालून बसले होते.

राग गेलेला नाही. जाईल असंही कबूल करत नाही. लोभही आहे, दोन्ही एका घरात राहतील. तू ये. चार दिवसांत घरी सोडतील, त्याच्या आत ये. भांडण पत्रातून धड होत नाही, नुसता हात दुखतो.

ठमीचे अठरा दिवस माझ्याकडे आहेत, तासातासाचे. शेवटची सकाळ तुझ्याकडे आहे. ती जागी होती का, रडली का, तिने किती वेळ तुझा अंगठा धरला, तू तिच्याशी काय बोललीस, हे मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. आता विचारते आहे. येताना लोकर नको, खेळणी नकोत, बाळाला काही नको. मला ती सकाळ आणून दे.

तुझी,
धाकटी