चोवीस कपांची बुडं

खडवली, ४ जानेवारी २०२५

चि. सान्वीस आजीचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. गुडघा दुखतोय, तो दुखणारच. अगं, काय तुझे ते चिनी मातीचे कप! कान नाहीत म्हणून तुझा बाप हसतो ना, त्याला सांग, बोटांसाठी दोन खळ्या आहेत त्या बघ. माझी वाकडी बोटंसुद्धा बरोब्बर बसली. इथे शेजारच्या रघूची म्हैस व्यायली, खरवसाला तू हवी होतीस.

हां, सांगायचं राहिलं. तू खोकी आणायला गेलेलीस तेव्हा मी रिकामी नाही बसले. चोवीसही कपांची बुडं कोरडीच होती. चुलीवर भांडं चढवताना आम्ही बुडाला मातीचा लेप देतो. म्हणून तुझं ते झिलईचं पाणी ब्रशने लावलं आणि सगळे भट्टीत मांडूनही टाकले. माझा लेक उत्तम म्हणतो ना, ठाण्याच्या प्रदर्शनात कप घेतले नाहीत तर तू हा भट्टीचा गाळा सोडायचा? बघूच कोण सोडायला लावतो!

माया आहेच, वेळेवर जेवत जा.

तुझी आजी गंगुबाई


कळवा, ९ जानेवारी

ती. आजीस सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचं नाही, म्हणून लिहिते. तुझं पत्र आलं तेव्हा भट्टी लावून झालेली. कप सुंदर भाजले, पण भट्टीतल्या फरशीवरून निघेनात. झिलई आगीत वितळते आणि गार झाली की काचेसारखी चिकटते, म्हणून बुडं मुद्दाम कोरडी ठेवायची असतात. काढताना सगळे फुटले. भट्टी लावण्याआधी मी एकही कप उलटून बघितला नाही. फरशीवरचा मातीचा लेप झिजलेला, तोही नवा दिला नव्हता. बाबा म्हणाले, आता पुरे. मी म्हटलं, प्रदर्शनवाले निवडायला अठ्ठावीसला येणार आहेत, तोवर दुसरे चोवीस करते.

रडू नकोस. ब्रशला मात्र हात लावू नकोस!

तुझी सान्वी


खडवली, १३ जानेवारी

चि. सान्वीस आशीर्वाद.

पत्र वाचून जेवलेच नाही. मग भूक लागली, जेवले. अगं, पण लेप असतो म्हणजे! फक्त कपाला नाही, फरशीला. मग ते काम माझं. उभा जन्म सारवण्यात गेला माझा. शनिवारी येते. फरशा सारवेन, आणि तू कप झिलईत बुडवलास की ओल्या स्पंजने एकेक बूड पुसेन. उत्तमला सांग, आईने बिघडवलं ते आई निस्तरणार, तोवर गाळ्याची चावी मागायची नाही.

येताना तिळाच्या वड्या आणते.

आजी


खडवली, २ फेब्रुवारी

चि. सान्वीस पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. निवडणाऱ्या बाईंनी कप उचलला तो आधी उलटाच केला, बुडावरून अंगठा फिरवला आणि मग चोवीसही ठेवून घेतले, ते वाचून नीलाला हाक मारून वाचायला लावलं. शेजारीणच ती, तिला कळायला नको? प्रदर्शनाला मी नवं लुगडं नेसून येणार.

आणि जास्तीच्या कपातून उत्तमने चहा घेतला, वर आणखी मागितला आणि पिऊन झाल्यावर गुपचूप कप उलटून बघितला म्हणतेस. लहानपणी मी घासलेल्या भांड्याकडे ढुंकून बघायचा नाही गं तो.

लोभ आहेच, पण पुढच्या भट्टीला बोलव. बुडं माझी.

तुझी आजी