ट्रकच्या ॲक्सलची झाकणं

३ डिसें. ९६, मंगळ. उधना, सुरत.
शेठनी आज वर्कशॉपात गिऱ्हाइकाला माझं झाकण दाखवलं आणि म्हणाले, "आ अमारी डिझाइन छे." मी समोर उभा. लाज नाही वाटली माणसाला.
बारडोलीच्या शेतरस्त्यांवर दगड लागून जीपच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचं, पत्र्याचं झाकण फुटतं, ऑइल गळतं. भेस्तानच्या भंगारातून ट्रकचा जुना ॲक्सल आणून त्याचा फुगीर जाड भाग कापायचा, कडीला वेल्डिंग करून जीपला बसवायचा, हे सुचलं कोणाला? जाऊ दे.

६ डिसें., शुक्र.
एकदम आठ झाकणांची ऑर्डर. उद्याच हवीत म्हणे. माझी रीत अशी: बाहेरून सांध्यावर खडू फासायचा, आत रॉकेल भरून ठेवायचं. कुठे बारीक भोक असेल तर खडू ओला होऊन डाग पडतो. शेठ म्हणाले, "कलर मारी दे. अंदर कोण जोवा जवानुं छे?" आत बघायला कोण जाणार म्हणे.
डोकं फिरलं. तरी कलर मारला. एकही तपासलं नाही.

११ डिसें., बुध.
रामदासभाऊंची जीप, आमच्याच गावचे, ऊसतोडीची माणसं घेऊन चालली होती. खाली त्या आठांतलंच झाकण. डिफरन्शियल कोरडं पडून जाम झालं, मागची चाकं धरली, गाडी नाल्यात. त्यातल्या मथुराबाईंचा हात दोन ठिकाणी मोडला. ऐन हंगामात कोयता कसा धरणार बाई?
शेठ सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले, खानदेशी वेल्डरचं काम कच्चं. मी! सोळा वर्षं इथे डोळे जाळले त्याचं हे बक्षीस. उद्या स्वतः जाऊन खोलतो. दगडानेच कड वाकली असणार.

१२ डिसें., गुरु. बारडोली
झाकण काढलं. दगडाचं नावही नाही. जाड भागावर नुसता ओरखडा, कडही सरळ.
कलर खरवडला, खडू फासला, रॉकेल भरलं. पाच मिनिटांत सांध्यावर काळी रेघ. जिथे मी वेल्डिंगचा रॉड बदलतो, नेमकं तिथे. माझाच हात.
रामदासभाऊ शेजारी बसलेले. एवढंच विचारलं, "रॉकेल टाकीसन देखेल नव्हतं का?"
शेठचं नाव ओठांवर आलं होतं. घेतलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ डिसें., शनि.
अजून सात झाकणं रस्त्यावर आहेत. शेठकडे मालकांची नावं मागितली. वही कपाटात कुलूपबंद. म्हणतात, एक फुटलं म्हणून सगळी फुटतात का, धंद्याची बदनामी करू नकोस. मालकांना सांगायला पुन्हा बारडोलीला गेलास तर सोमवारी येऊ नकोस. मग मीही आवाज चढवला. माणसं मेल्यावर वही उघडणार का, विचारलं.
राग शेठचा आहेच. पण कलर मारला तो हात शेठचा नव्हता, हे सारखं आठवतं आणि अंगाची लाही होते.
घरी सुमनला सगळं सांगितलं. दोन पोरांच्या शाळेचंही बोललो. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "जा तुम्ही. सोमवारनं सोमवारले देखसूत."
उद्या रविवार, बाजाराचा दिवस. बारडोलीच्या पडावावर, ऊसतोड मजुरांच्या तळावर, जीपा लागतात, तिथे जातो. सातातली तीन मी स्वतः बसवली, त्या गाड्या ओळखीन. बाकी चार टेम्पोने परस्पर गेली. ती कोणत्या गाड्यांखाली आहेत, कोण बसलंय त्यांत, मला माहीत नाही.