लॉर्डसाहेबांचे गुर्दे

किलब्रॅनक, ९ मार्च १९०७

तीर्थरूप अरमिंटाआत्या यांस,

गॉडफ्रीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? डब्लिनच्या डॉक्टरनं दिलेलं मलम लावता ना, की मांजराला चाटू देता? इकडे सर्वांचं क्षेम आहे, फक्त माझं सोडून.

थोरले काका गेले त्याला सहा आठवडे झाले. त्यांना मूलबाळ नाही, मधले काका आधीच गेलेले, तेव्हा लॉर्डपद त्यांच्या ल्यूशसकडे जाणार. ल्यूशस नसता तर ते माझ्याकडे आलं असतं (हे 'नसता तर' मी दिवसातून चाळीस वेळा म्हणतो). आता त्या पदात राहिलंय काय? जमिनी कुळांना विकून झाल्या, हवेली गळते, आणि लंडनच्या सभागृहात आमच्यासारख्या आयरिश लॉर्डला हक्काची खुर्चीही नाही. मला मुळीच हाव नाही. पण परवा डफी खाटकाकडे गेलो, तर मेंढीचे गुर्दे कागदात बांधून ठेवलेले. मी हात पुढे केला, तर म्हणतो, "ते लॉर्डसाहेबांचे हो, गॉडफ्रीबाबा. तुम्हाला शेपटी देतो." आत्या, वीस वर्षं काकांसाठी ते गुर्दे मी घरी नेले, त्यातले निम्मे मीच खाल्ले! अजून कागदपत्रं व्हायचीत, तोवरच हा थाट. पोस्टमन त्याला टोपी काढून सलाम करतो आणि मला थांबवून स्वतःच्या पाठदुखीची हकिगत सांगतो. ल्यूशस गुरांचा डॉक्टर, बुटाला कायम शेण, तरी सगळ्यांशी हसून बोलतो. मी जळतो, उगाच लपवू कशाला? तो शिष्ट असता तर इतका जळलो नसतो.

आता मुद्द्याचं. मधल्या काकांनी ऑनोराकाकूशी लग्न लावलं ते तिच्या कॅथलिक पाद्र्याकडून. नवरा प्रोटेस्टंट असला की असलं लग्न तेव्हा कायद्यानं लग्नच नव्हे, हे त्यांना महिनाभरानं कळलं. मग आपल्या पाद्र्याकडून पुन्हा गुपचूप लग्न. हजर कोण, तर तुम्ही (सतरा वर्षांच्या, छत्री धरून) आणि चर्चचा घंटेवाला, जो केव्हाच वारला. पाद्री नक्कल वर पाठवायला विसरला आणि चर्चची वही ओलीनं सडली. म्हणजे लंडनचे वकील आता तुम्हालाच विचारणार, दुसरं लग्न झालं होतं का. ते शाबीत झालं नाही, तर ल्यूशस औरस ठरत नाही आणि पद माझ्याकडे येतं.

प्रकृतीला जपा.

आपला,
गॉडफ्री

ता. क. गोष्ट चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची. तुम्हाला नीटसं आठवत नसलं तर कोण दोष देणार? वकिलांना तसंच कळवलंत तर फार उपकार होतील.

ता. क. दुसरी. पाकीट बंद करणार, तोच ऑनोराकाकू सोडा-ब्रेड घेऊन आली. शालीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "लॉर्ड तूच हो रे बाबा, ल्यूशसला त्याचं कौतुक नाही. पण वन्संना एवढं लिही, मी लग्नाची बायको होते हे कुणीतरी सांगा. ते गेले, आता मला कोण विचारणार?" मी मान हलवली आणि ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले, लोणी लावून, खाली मान घालून. वरची ता. क. खोडली असती, पण कागद पातळ आहे, शाई मागच्या मजकुरावर उतरते. निघताना काकू म्हणाली, टपालात टाकायचं काही असेल तर दे, माझ्या वाटेवरच आहे. तिला वाचता येत नाही. तरीही हे पत्र तिच्या हातात देववलं नाही. मीच जाऊन टाकतो. आत्या, तुम्हाला सगळं आठवतं. तेच लिहा.