काढ्यातला ज्येष्ठमध

तीर्थरूप आई,
वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. हवा बदलली तसं नाक वाहू लागलं, पण ओव्याचा वाफारा घेतला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. खिडकीत पुदिना लावलाय. करमेनासं झालं की एक पान चुरगळून हुंगते, बरं वाटतं.

घरमालकीण काकू तीन दिवस खोकत होत्या. तुझा काढा करायला घेतला, पण आधी विचारलं, "काकू, रोजची गोळी कसली?"

"रक्तदाबाची. का गं, तू काय डॉक्टरीण?"

मी दोन औषधांच्या दुकानांत विचारून आले. दोघंही म्हणाले, ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो. मग नुसतं आलं-मध दिलं. आता काकू रोज पेला घेऊन दारात उभ्या!

आई, बाबांची गोळी गेल्या वर्षी सुरू झाली आणि तुझा काढा त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. चूक कुणाचीच नाही. पण त्यांच्या काढ्यातला ज्येष्ठमध आजपासून बंद कर आणि डॉक्टरांना विचार. फोनवर सांगितलं असतं, पण बाबा शेजारीच बसलेले असतात. ऐकलं तर मुद्दाम दोन पेले पितील.

त्यांचा रक्तदाब किती आहे? खरा आकडा कळव, मला बरा वाटेल तो नको.

मी तुला शिकवतेय असं समजू नकोस. "विचारल्याशिवाय कुणाला काही पाजू नये," हे तुझंच वाक्य. काकूंना विचारलं, तेव्हा तूच बोलत होतीस.

तुझी,
सगळं दोनदा विचारणारी धाकटी