अकरावं विमान

२ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी. मुलगी काल फोनवर म्हणाली, बाबा, कुणाशी बोलत नाही तर निदान लिहून तरी काढा मनातलं. मनात काही नाही. पण कामाची नोंद ठेवणं केव्हाही चांगलं. पाणीपुरवठा खात्यात असताना मी ठेवायचोच.

काम असं आहे. ही, म्हणजे माझी बायको, दातांची डॉक्टर. दवाखान्यातून आल्यावर विमानांची मॉडेल्स करायची. लढाऊ नाहीत, बंदूक असलेलं काहीही हिला घरात चालत नसे. फक्त पाण्यावर उतरणारी छोटी प्रवासी विमानं. त्यांना चाकांऐवजी खाली दोन फ्लोट असतात, म्हणजे झाकण असलेल्या होड्याच म्हणा. अशी दहा झाली, ती काचेच्या कपाटात आहेत. अकरावं जेवणाच्या टेबलावर अर्धवट आहे. हिला जाऊन चार महिने झाले.

मॉडेलवाल्यांच्या क्लबचं प्रदर्शन २३ मार्चला आहे. तिथे हिचं वेगळं टेबल मांडणार आहेत. तोवर अकरावं पूर्ण करायचं. एवढी वर्षं मी रोज हिच्या शेजारी स्टुलावर बसलो आहे. चिमटा देणं, दिवा फिरवणं, बाटल्यांची झाकणं लावणं, सगळं माझ्याकडेच होतं. प्रक्रिया मला पाठ आहे. दोन आठवडे पुरेत. तीन धरू.

३ फेब्रुवारी
क्लबच्या सेक्रेटरींचा फोन. भूगोलाचे निवृत्त मास्तर आहेत, सावकाश बोलतात. म्हणाले, साहेब, अकरावं आहे तसंच ठेवू या. शेजारी डॉक्टरांचे ब्रश मांडू. लोकांना डॉक्टरांचा हात कसा चालायचा ते कळेल.

मी स्पष्ट सांगितलं की अर्धवट काम लोकांपुढे मांडण्याच्या मी विरुद्ध आहे. खात्यात अर्धवट टाकीचं उद्घाटन कधी होऊ दिलं नाही. (एकदा झालं, पण ते वरून आलं होतं.) त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, तुम्ही याआधी एखादं केलंय का?

म्हटलं, दहा.

५ फेब्रुवारी
काम सुरू. सद्यस्थिती: विमानाचं अंग जोडून तयार, पंख जोडलेले, आतली केबिन पूर्ण. हे सगळं हिने केलेलं. राहिलं काय, तर फ्लोट, खिडक्या, रंग आणि अक्षरं. म्हणजे किरकोळ.

स्टुलावर बसलो. ट्रे हिच्या खुर्चीसमोरच ठेवला, कारण दिवा तिथे स्क्रूने बसवला आहे.

दुपारी मेहुणी डबा घेऊन आली. हिची धाकटी बहीण, समोरच्याच इमारतीत राहते. तोंडाने फटकळ. म्हणाली, भाऊजी, एवढी खुर्ची रिकामी असताना स्टुलावरून मान वाकडी करून काय चाललंय? पाठ धरली म्हणजे मला बोलावू नका. मी सांगितलं, खुर्चीची उंची मला जमत नाही. मग म्हणाली, ताईने तुम्हाला कधी ब्रशला हात तरी लावू दिला होता का? मी कामाच्या वाटणीचं तत्त्व तिला समजावलं. ती खूप हसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. सिंकमध्ये एकही भांडं नव्हतं. पाण्याची अशी नासाडी मला आवडत नाही, पण बोललो नाही.

९ फेब्रुवारी
दोन्ही फ्लोट जोडले. मग एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. हिची दहाच्या दहा विमानं पाण्यावर उतरणारी, पण एकानेही अजून पाणी पाहिलेलं नाही. मी पूर्वी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाली होती, अहो, ही कपाटात ठेवायची आहेत. मला ते पटलं नव्हतं. विमान हिचं क्षेत्र, पाणी माझं. अकरावं तरंगणार.

बादलीत चाचणी घेतली. डावा फ्लोट बुडाला. उजवा त्याच्या पाठोपाठ. जोडावर बुडबुडे, म्हणजे गळती. गळतीत उभं आयुष्य गेलं आहे माझं.

११ फेब्रुवारी
पाइपाभोवतीच्या फटी बुजवायला फोमचा डबा मिळतो, तो आणला. फवारला की आत जाऊन फुगतो आणि कडक होतो. फ्लोटला बारीक भोक पाडून आत भरला. फोम फुगतो हे मी हिशेबात धरलं आहे.

१२ फेब्रुवारी
पुरेसं धरलं नव्हतं. सकाळी फ्लोटच्या जागी दोन उशा होत्या. सगळे जोड उकलले. एक टेबलाला चिकटला आहे. फोम मात्र उत्तम प्रतीचा, हे मान्य केलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी
मुलीचा फोन. काम ठरल्याप्रमाणे चाललं आहे असं सांगितलं. तिने विचारलं, जेवता ना वेळेवर? टेबलावर काम असल्याने ओट्याशी उभ्या उभ्या जेवतो, त्यात वेळ वाचतो, हे सांगितलं. ती म्हणाली, बाबा, महिनाभर आमच्याकडे या. प्रदर्शन झाल्यावर बघू म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही ना, अगदी... आणि पुढे काही ऐकू आलं नाही. हल्ली नेटवर्क चांगलं नसतं.

१८ फेब्रुवारी
फ्लोटसाठी त्याच मॉडेलचा प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा खोका पुन्हा विकत घ्यायचं ठरवलं. बाकीचे भाग पडून राहतील, पण इलाज नाही. दुकानदाराने आधी मला न्याहाळलं, मग विचारलं, काका, पहिलंच का? म्हटलं, अकरावं. एकदम आदराने बोलायला लागला. सुटे ब्लेड, पॉलिश पेपर आणि झटपट चिकटणारा सुपरग्लू असं सगळं त्याने बांधून दिलं. हिच्याकडे सुपरग्लू कधी नव्हता. काळाप्रमाणे बदललं पाहिजे.

२५ फेब्रुवारी
नवे फ्लोट दांड्यांवर बसवून विमानाला जोडले. दोन्ही रुळांसारखे समांतर. वरचेवर बघावंसं वाटतं.

२६ फेब्रुवारी
मेहुणी डबा ठेवायला टेबलाच्या त्या बाजूला गेली आणि म्हणाली, अगं बाई, भाऊजी, तुमचं विमान फेंगडं चालतंय की!

तिच्या बाजूने पाहिलं. डावा फ्लोट सरळ, उजवा बाहेर तोंड करून. स्टुलावर येऊन पाहिलं, तर समांतर. हा नजरेच्या कोनाचा तांत्रिक प्रश्न आहे, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, तांत्रिक बिंत्रिक काही नाही, समोर बसून केलं असतं तर दिसलं असतं. बसा की त्या खुर्चीत. ताई काही रागावणार नाही.

ती गेल्यावर खुर्ची मोजली. स्टुलाएवढीच आहे. उशीमुळे फरक पडत असावा.

२७ फेब्रुवारी
फ्लोट काढायला गेलो. फ्लोट निघाला, दांडी निघाली, दांडीबरोबर पोटाचा तुकडा निघाला. विमान नीट धरायला म्हणून पंख पकडला होता, तोही हातात आला. तो पंख हिने चार संध्याकाळी घासून बसवला होता.

सुपरग्लू लावला. सगळं दहा सेकंदांत बसलं. थोडा उंच बसला आहे तो पंख. वळण घेताना विमान असंच दिसतं.

४ मार्च
खिडक्या. बसवण्याआधी चष्मा लावून केबिन नीट पाहून घेतली. चार खुर्च्या, प्रत्येकीला टेपची चिरफळी कापून केलेला पट्टा. पायलटसमोर सहा डायल, आणि प्रत्येक डायलमध्ये काटा. एका केसाच्या ब्रशने काढलेले. ते काटे काढताना ही श्वास रोखून धरायची आणि मीही धरायचो. एका काट्याला मला खोकला आला, तो काटा जरा लांब आहे. नंतर तिने पुसायला घेतला होता, मग राहू दे म्हणाली होती.

खिडक्या पंखासारख्या निघू नयेत म्हणून सुपरग्लू सढळ हाताने लावला. धूळ बसू नये म्हणून विमान डब्यात ठेवून घट्ट झाकण लावलं. आजचं काम निर्दोष.

५ मार्च
सगळ्या खिडक्या पांढऱ्या झाल्या आहेत. आतलं काही दिसत नाही. बाहेरून पुसलं, ओल्या फडक्याने, मग थिनरने. पांढरं आतून आहे.

सेक्रेटरींना सहज म्हणून फोन केला आणि एका ओळखीच्या माणसाचं असं झालं आहे असं सांगितलं. ते म्हणाले, अरेरे, सुपरग्लूची वाफ. काचेजवळ तो कुणी वापरत नाही हो. आणि वर डब्यात कोंडलं? मग ते हळूच म्हणाले, साहेब, ओळखीच्या माणसाला सांगा, खिडक्या आता निघायच्या नाहीत. आणि इथेच थांबा म्हणावं.

खऱ्या विमानाच्या काचांवरही सकाळी दव असतंच. उलट जास्त खरं वाटतं.

आज इतर काम केलं नाही.

११ मार्च
रंग. हिने पिवळा मिसळून बाटली भरून ठेवली होती. उघडली तर तळाशी वाळलेली खपली. खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याने व्हॉल्व्हला देतात तो पिवळा आणून दिला. फरक कळतच नाही. पहिला हात पातळ झाला, ओघळला. दुसरा दाट दिला. पंखांवर मुंगीच्या डोळ्याएवढ्या रिव्हेटच्या, म्हणजे पत्रा जोडायच्या खिळ्यांच्या, ओळी होत्या, त्या बुजल्या. आता गुळगुळीत झाले आहेत. पन्नास वर्षं गंजणार नाही.

१६ मार्च
अक्षरं. विमानाच्या नंबराची ही अक्षरं कागदावर छापलेली असतात. कागद पाण्यात क्षणभर बुडवायचा, अक्षर सुटायला लागलं की सरकवून विमानावर घ्यायचं. पाण्याचं काम, म्हणून निश्चिंत होतो.

कागद बशीत टाकला आणि मुलीचा फोन आला. आज बराच वेळ बोलली. म्हणाली, आई मला सांगायची, तुझे बाबा मदतीला बसले की तासाचं काम दोन तासांचं होतं. मी विचारलं, मग मला उठवत का नव्हती? मुलगी म्हणाली, तेच तर, बाबा.

यावर विचार करत तसाच उभा राहिलो. टेबलाशी आलो तेव्हा अक्षरं बशीभर पोहत होती. पाचपैकी तीन पकडली. एक उलटं लागलं आहे.

२१ मार्च, दुपारी
अंतिम चाचणी. मोठ्या टबात गुडघ्याएवढं पाणी घेतलं. मेहुणीला साक्षीदार म्हणून बोलावलं. विमान ठेवलं. हळूहळू बुडालं. पण सरळ बुडालं, कुठेही कललं नाही. म्हणजे तोल उत्तम आहे.

मेहुणीने ते बाहेर काढलं आणि पदराने पुसायला लागली. मी म्हटलं, लोकांना हे सांगू नकोस. ती म्हणाली, कोणाला सांगू, भाऊजी? ऐकायला होती ती ताईच.

२३ मार्च
प्रदर्शन. हॉलच्या मधोमध हिचं टेबल, पांढरं कापड, दहा विमानं, फोटो. अकराव्याची जागा मोकळी ठेवली होती. सेक्रेटरींनी माझ्या हातातून विमान घेतलं आणि फिरवून फिरवून पाहिलं. मग विचारलं, साहेब, यात डॉक्टरांचं काय काय आहे?

म्हटलं, पंख. ते म्हणाले, रंगाखाली. म्हटलं, केबिन. त्यांनी खिशातून टॉर्च काढला. आम्ही दोघं वाकून एकेका खिडकीतून पाहत होतो. टॉर्चच्या उजेडात ते पांढरं आणखी पांढरं दिसतं. म्हटलं, सहा काटे आहेत आत, एक जरा लांब आहे. ते म्हणाले, असणारच, साहेब.

मग म्हणाले, हे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं तर लोक म्हणतील, शेवटी शेवटी डॉक्टरांचा हात गेला. चालेल तुम्हाला?

नाही म्हटलं.

त्यांनी नवं कार्ड घेतलं, त्यावर माझं नाव लिहिलं, खाली ‘नवशिके’ असं लिहिलं, आणि विमान भिंतीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवलं. हिच्या टेबलावरची मोकळी जागा त्यांनी बाकीची विमानं जरा जरा सरकवून भरून काढली. कुणाला कळलंही नसतं.

नवशिक्यांच्या गटात तीन मॉडेल्स होती. माझं तिसरं आलं.

२४ मार्च
मेहुणी सकाळीच आली. म्हणाली, भाऊजी, असं बघा, अकरावं तुमचं ठरलं ना, मग ताईचं शेवटचं दहावं. ते तिने स्वतः पूर्ण केलं. म्हणजे ताईचं मागे काहीच अर्धवट राहिलं नाही. मी विचार केला. हिशेब बरोबर आहे, तसं तिला सांगितलं. ती डबा तसाच ठेवून गेली.

अकरावं माझं. ते बुडतं.

टेबल रिकामं करून पुसून घेतलं. फोमचा डाग राहिला आहे. इतके महिने या टेबलावर हिचं काम चालू होतं. मीच ते संपवलं.